हवेने पाइप तपासताना : साठलेल्या ताकदीचा हिशेब

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, पुढे आठवडाभर कारखान्यांतून हेल्मेट, बूट, सेफ्टी बेल्ट यांबद्दल पुष्कळ बोललं जातं. ते बोलायलाच हवं. पण आज आम्ही ज्या कामाबद्दल बोलणार आहोत, त्यात काही बिघडलं तर हेल्मेटचा फारसा उपयोग होत नाही. माणूस तिथे उभा होता की नव्हता, एवढाच प्रश्न उरतो. ते काम म्हणजे नव्याने जोडलेल्या पाइपलाइनची हवेने किंवा नायट्रोजनने केलेली दाबचाचणी. साइटवर तिला ‘न्यूमॅटिक टेस्ट’ म्हणतात.

कारखान्यातली पाइपलाइन वेल्डिंग करून, फ्लँज जोडून तयार झाली की ती वापरात घेण्याआधी तिची परीक्षा घ्यावी लागते. पुढे ज्या दाबाला ती चालणार, त्यापेक्षा थोडा जास्त दाब तिला मुद्दाम द्यायचा आणि ती टिकते का, गळते का, ते पाहायचं. हा दाब पाण्याने दिला तर हायड्रोटेस्ट, हवेने किंवा दुसऱ्या वायूने दिला तर न्यूमॅटिक टेस्ट. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तोच पाइप, तेच ब्लाइंड फ्लँज, तोच गेज, काटाही त्याच आकड्यावर. म्हणूनच गफलत होते. ‘दहा बार म्हणजे दहा बार, पाणी काय आणि हवा काय’ असं आम्हांला चांगल्या अनुभवी फिटरकडूनही ऐकायला मिळतं. हे वाक्य खरं नाही. ते का खरं नाही, ते आधी समजून घेऊ.

इंजेक्शनच्या सिरिंजची गोष्ट

एक साधा प्रयोग घरी करून बघा. सुई नसलेली एक सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. पुढचं तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या रेटा. दट्ट्या हलतच नाही. सोडला तर जिथल्या तिथे. आता पाणी काढून टाका, हवा भरा आणि तसंच करा. दट्ट्या निम्म्यापर्यंत सहज आत जातो आणि सोडल्याबरोबर झटक्यात मागे येतो.

त्या मागे येणाऱ्या झटक्यात आजचा सगळा विषय आहे. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्याला दाबताना आपण फारसं काम करत नाही आणि ते आपल्याला फारसं काही परतही करत नाही. हवा दबते. दाबताना केलेलं सगळं काम ती स्प्रिंगसारखं स्वतःत साठवून ठेवते आणि वाट मिळाली की परत देते. गेज फक्त दाब दाखवतो. आत किती ताकद साठली आहे, ते तो दाखवत नाही. ते आपल्याला हिशेब करूनच कळतं.

तर हिशेब करू. ३०० मिलिमीटर आतल्या व्यासाचा, म्हणजे साधारण बारा इंची पाइप धरा, लांबी १४ मीटर. त्यात एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर जागा होते. त्याला दहा बार दाब द्यायचा आहे.

पाण्याने पूर्ण भरून दहा बार करायचा, तर पाइप भरल्यानंतर पंपाने आणखी किती पाणी आत ढकलावं लागतं? पाण्याच्या दबण्याचा हिशेब केला तर जेमतेम अर्धा लिटर. हवेने करायचं असेल तर? बाहेरची दहा हजार लिटर हवा त्या हजार लिटरच्या जागेत कोंबावी लागते. अर्धा लिटर आणि दहा हजार लिटर, एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं.

आता ऊर्जा. पाण्यात साठलेली ऊर्जा येते सव्वादोनशे ज्यूलच्या आसपास. सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं जमिनीवरून अर्धा मीटर उचलायला साधारण इतकीच ऊर्जा लागते. पाइपचं पोलादही थोडं ताणलं जातं, ते धरलं तरी चित्र बदलत नाही. हवेत साठलेली ऊर्जा मात्र सुमारे १४ लाख ज्यूल येते. एक टन वजनाची मोटारगाडी १४० मीटर उंच, म्हणजे पंचेचाळीस मजली इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवायला लागेल एवढी. टीएनटी या स्फोटकाच्या भाषेत बोलायचं तर साधारण एक तृतीयांश किलो. गेजवर दोन्ही वेळा दहाच बार आहे. ताकद मात्र सहा हजार पट आहे.

आणि हा झाला १४ मीटरचा तुकडा. ही ऊर्जा आकारमानाच्या प्रमाणात वाढत जाते. ६०० मिलिमीटर व्यासाची १०० मीटर लाइन त्याच दहा बारला असेल, तर आत नऊ किलो टीएनटीच्या बरोबरीची ताकद बसलेली असते. तीच लाइन ५०० मीटर लांब आणि दाब ४४ बार, तर जवळजवळ अडीचशे किलो. रंगवलेला, शांत, आवाज न करणारा पाइप. त्याच्याकडे पाहून हे कुणालाच वाटत नाही.

फुटतं तेव्हा नेमकं काय होतं?

समजा एखाद्या वेल्डमध्ये चीर आहे. पाण्याच्या चाचणीत ती उघडली, तर अर्धा लिटर पाणी बाहेर आलं की दाब संपला. शिवाय दाब उतरल्याची ‘बातमी’ पाण्यातून सेकंदाला सुमारे १,४०० मीटर वेगाने पसरते. चीर पुढे धावायच्या आत तिला रेटणारा दाबच नाहीसा होतो, ती थांबते. बहुतेक वेळा एक फवारा, थोडा चिखल, आणि वेल्डरला दोन शब्द ऐकावे लागतात, एवढ्यावर भागतं.

हवेत ही बातमी सेकंदाला सुमारे ३४० मीटरने जाते. ठिसूळपणे फुटणाऱ्या पोलादात चीर त्याहून वेगाने धावू शकते. म्हणजे चीर जिथे पोचते तिथे दाब अजून पूर्णच असतो. म्हणून पाइप गळत नाही, तो उकलत जातो. तुकडे होतात, तुकडे उडतात, आणि मोकळ्या झालेल्या हवेचा दणका वेगळाच.

पाइप फुटायलाच हवा असंही नाही. टोकाला लावलेलं ब्लाइंड किंवा टेस्ट प्लग सुटला तरी पुरे. बारा इंची ब्लाइंडवर दहा बारला किती जोर असतो? सात टनांच्या वर. चोवीस इंचीवर अठ्ठावीस टनांच्या वर. पाण्याच्या चाचणीतही जोर तेवढाच असतो, पण ब्लाइंड चार बोटं सरकलं की तो संपतो. हवेच्या चाचणीत हवा प्रसरण पावत मागून रेटतच राहते, आणि ब्लाइंडचा तोफगोळा होतो. दुसऱ्या बाजूला पाइप स्वतः मागे झटका घेतो आणि सपोर्टवरून उडतो. म्हणून ब्लाइंडच्या समोर, सरळ रेषेत, कधीही उभं राहायचं नाही. दाब कमी असला तरीही नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये शांघायच्या यांगशान बंदराजवळ बांधकाम चालू असलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूच्या टर्मिनलवर, वायूने दाबचाचणी चालू असताना मोठ्या व्यासाची पाइपलाइन फुटली. ठरलेला चाचणीदाब अजून गाठायचा होता. आजूबाजूला माणसं होती, त्यात जीव गेला, अनेक जण जखमी झाले. प्रकल्प नवा होता, यंत्रसामग्री आधुनिक होती. म्हणजे हे काही जुन्यापुराण्या कारखान्यांचंच दुखणं नाही.

मग हवेने चाचणी करतातच कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला खरी उत्तरं आहेत. काही लाइनींमध्ये पाण्याचा थेंबही चालत नाही. शीतकरणाच्या लाइनी, अतिथंड द्रवांच्या लाइनी, पाण्याने खराब होणारे उत्प्रेरक भरलेली यंत्रणा. काही ठिकाणी पाण्याचं वजन झेपत नाही. एक मीटर व्यासाचा पाइप पाण्याने भरला तर दर मीटरला पावणेआठशे किलो वजन वाढतं, आणि लाइनचे सपोर्ट फक्त वायूचा विचार करून बांधलेले असतील तर ते वाकतील. थंड देशांत पाणी गोठण्याची भीती असते.

पण साइटवर ऐकू येणारी कारणं बरेचदा वेगळीच असतात. ‘पाणी आणायला टँकर लागेल.’ ‘नंतर लाइन सुकवत कोण बसणार?’ ‘कंप्रेसर आहेच इथे, दोन तासांत उरकू.’ ‘उद्या कमिशनिंग आहे.’ ही सोयीची कारणं आहेत. पाणी खरोखरच चालत नाही, आणि पाणी आणायचा कंटाळा आहे, या दोन गोष्टी कागदावर एकाच वाक्यात लिहिता येतात. चाचणीची कार्यपद्धती मंजूर करणाऱ्याने इथेच थांबून विचारायला हवं की यातलं नेमकं कुठलं?

आणखी एक गोष्ट वेगळी केली पाहिजे. ताकदीची चाचणी आणि गळतीची चाचणी या दोन निराळ्या. गॅस्केट नीट बसलं का, फ्लँज गळतो का, हे बघायला कमी दाबाची हवा आणि साबणाचं पाणी पुरतं. पाइप आणि वेल्ड मजबूत आहेत का, हे बघायला जास्त दाब लागतो. पुष्कळदा खरी गरज पहिल्या चाचणीची असते आणि करतात दुसरी.

नियम काय सांगतात

प्रक्रिया उद्योगातल्या पाइपांसाठी आपल्याकडेही अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेचा, म्हणजे एएसएमईचा बी३१.३ हा कोड मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यात पाण्याची चाचणी डिझाइन दाबाच्या किमान दीडपट करायला सांगितली आहे आणि हवेची किमान १.१ पट. हे वाचून काहींना वाटतं की हवेची चाचणी सौम्य आहे. उलट आहे. हवेची चाचणी धोक्याची म्हणून कोड तिथे हात राखून दाब देतो.

त्याच कोडमधला क्रम असा. आधी १.७ बार किंवा चाचणीदाबाच्या निम्मा, यांत जो कमी असेल तेवढाच दाब द्यायचा आणि गळती तपासायची. मग टप्प्याटप्प्याने वाढवायचं, दर टप्प्यावर पाइपला स्थिरावायला वेळ द्यायचा. पूर्ण चाचणीदाबाला किमान दहा मिनिटं ठेवायचं. त्यानंतर दाब डिझाइन दाबापर्यंत उतरवायचा, आणि मगच गळती बघायला माणसाने जवळ जायचं.

ही शेवटची ओळ मंडळी, फार महत्त्वाची आहे. कारण प्रत्यक्षात काय दिसतं? काटा वरच्या आकड्यावर पोचला की एका हेल्परच्या हातात साबणाची बादली देतात आणि सांगतात, ‘जा रे, सगळे जॉइंट बघून ये.’ म्हणजे पाइपची परीक्षा ऐन रंगात असताना, सर्वांत कमी पगाराचा आणि सर्वांत कमी माहिती असलेला माणूस तिच्या सर्वांत जवळ जातो. या कामात जीव जातो तो अनेकदा असा.

दाब जास्त होऊ नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. तो चाचणीदाबाच्या वर १० टक्के किंवा ३.४५ बार, यांत जे कमी असेल त्याच्या आत उघडला पाहिजे. नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये साधारण १५० बार दाब असतो आणि आपल्या लाइनला हवेत अकरा. मधे रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह नसतील, तर सगळी भिस्त सिलिंडरची चावी फिरवणाऱ्या मनगटावर असते.

किती दूर उभं राहायचं, याचाही हिशेब आहे. एएसएमईच्याच पीसीसी-२ या दस्तऐवजात साठलेल्या ऊर्जेवरून अंतर काढायची रीत दिली आहे. ऊर्जा १३५.५ मेगाज्यूलपर्यंत असेल तर किमान ३० मीटर, त्यापुढे २७१ मेगाज्यूलपर्यंत ६० मीटर, आणि त्याहून जास्त असेल तर सूत्राने काढायचं. मघाच्या ५०० मीटर लाइनचं अंतर त्या सूत्राने दीडशे मीटरच्या वर जातं. आणि हे अंतर हवेच्या दणक्यापुरतं आहे. उडालेले तुकडे याहून लांब जाऊ शकतात, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. पट्टी बांधून ‘आत येऊ नका’ लिहिलं की झालं, असं नाही. ती पट्टी किती अंतरावर बांधायची, ते पाइपमधल्या ऊर्जेवरून ठरतं. हातात पट्टीचं रीळ किती उरलं आहे, त्यावरून नव्हे.

धोका कमी कसा करायचा

पहिला उपाय, हवेची ताकदचाचणी टाळता येते का ते बघणं. पाइपचे तुकडे वर्कशॉपमध्ये पाण्याने तपासून, सुकवून साइटवर आणता येतात. उरलेल्या शेवटच्या जोडांचं शंभर टक्के रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिकने परीक्षण करायला कोडमध्ये वाट ठेवलेली आहे.

दुसरा, आकारमान कमी करणं. अर्धी लाइन म्हणजे अर्धी ऊर्जा. तुकडे पाडून चाचणी घ्या. तेवढे ब्लाइंड जास्त लागतील, लागू देत.

तिसरा, तापमान. थंड पोलाद ठिसूळ होतं. पाइपच्या पोलादाला किती कमी तापमान चालतं ते कागदावर असतं, चाचणीच्या वेळी पाइप त्याहून बराच गरम असायला हवा. द्रव नायट्रोजनचा टँकर आणून लाइन भरत असाल, तर आत जाणारा वायू किती गार आहे ते मोजा. बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी पाइप आतून गारठलेला असू शकतो.

चौथा, ऊन. वीस अंशांना सकाळी अकरा बारला बंद केलेली लाइन दुपारी पन्नास अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सव्वा बारच्या आसपास वाढतो. कुणी काही केलेलं नसतं. म्हणून भरलेली लाइन सोडून जेवायला जायचं नाही.

पाचवा, दाबाखाली असताना नटबोल्ट आवळायचा नाही. गळती दिसली तर दाब पूर्ण उतरवायचा, मग पाना लावायचा. ‘जरासा टाइट करतो’ या शब्दांत फार धोका आहे.

सहावा, पीव्हीसी. पीव्हीसीच्या पाइपवर दाबलेल्या हवेची चाचणी घ्यायची नाही, आणि लहान वर्कशॉपमध्ये करतात तशी कंप्रेसरची लाइनही त्याची करायची नाही. पीव्हीसी फुटतं तेव्हा काचेसारख्या कपच्या उडतात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*हवेऐवजी नायट्रोजन वापरला तर सुरक्षित ना?*

आगीच्या दृष्टीने हो, लाइनीत तेल किंवा ज्वालाग्राही पदार्थ असतील तर नायट्रोजनच बरा. पण साठलेली ऊर्जा तेवढीच राहते, एक ज्यूलही कमी होत नाही. वर गुदमरण्याचा धोका वाढतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि ऑक्सिजन कमी होतोय हे शरीराला कळत नाही. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात हानव्हिल इथे दोन माणसं ४८ इंची पाइपचं उघडं तोंड काळ्या प्लास्टिकने झाकून आत फ्लँज तपासत होती. पाइपमधून नायट्रोजन येत होता. एकाचा मृत्यू झाला, दुसरा गंभीर झाला. दाब सोडाल तो मोकळ्या हवेत सोडा, खड्ड्यात किंवा खोलीत नाही. आणि ज्वालाग्राही वायू तर अजिबात वापरायचा नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एका वीजकेंद्राचे पाइप साफ करायला नैसर्गिक वायूचा झोत वापरला होता. ती दाबचाचणी नव्हती, पण वायू पेटला आणि सहा माणसं गेली.

*म्हणजे पाण्याने केलं की काळजी नाही?*

असं नाही. १९६५ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये अमोनिया प्रकल्पासाठी बनवलेलं जाड पोलादाचं एक प्रचंड भांडं पाण्याच्या चाचणीतच ठिसूळपणे फुटलं, आणि सुमारे दोन टनांचा तुकडा ४६ मीटरवर जाऊन पडला. तिथे दाब साडेतीनशे बारच्या घरातला होता आणि हवामान थंड होतं. शिवाय पाण्याने भरताना वरच्या टोकाची हवा काढली नाही, तर आपली हायड्रोटेस्ट नकळत अर्धी न्यूमॅटिक होते. व्हेंट उघडा, पाणी अखंड वाहू लागेपर्यंत थांबा, मग बंद करा.

*आम्ही कंत्राटदाराकडे काम करतो. सुपरवायझर म्हणाले जा, तर आम्ही काय करायचं?*

आज विचारलेल्या प्रश्नांत हा सर्वांत अवघड आहे, आणि ‘नाही म्हणा’ एवढं सांगून आम्ही मोकळे होणार नाही. उद्याची हजेरी ज्याच्या हातात आहे त्याला नाही म्हणणं सोपं नसतं. पण तीन प्रश्न विचारता येतात, आणि ते कुणालाही विचारता येतात. ‘साहेब, आत पाणी आहे की हवा?’ ‘दाब डिझाइनपर्यंत उतरवला का?’ ‘किती मीटरच्या बाहेर थांबायचं ठरलंय?’ यांची उत्तरं सुपरवायझरकडे नसतील, तर चाचणी अजून सुरू व्हायला तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि इथे बसलेले जे इंजिनीअर, जे मालक, जे सुरक्षा अधिकारी आहेत, त्यांना एक विनंती. हे तीन प्रश्न हेल्परला विचारावे लागू नयेत, ही जबाबदारी तुमची. चाचणीच्या परमिटवर दाबाचा आकडा असतोच. त्याच्या शेजारी साठलेल्या ऊर्जेचा आकडा आणि अंतराचा आकडा लिहा. हिशेबाला दहा मिनिटं लागतात. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला, की पाण्याचा टँकर महाग वाटत नाही.